पांढऱ्या औषधाचा रविवार

प्रार्थना संपली की आमच्या शाळेत मौन पाळायची पद्धत होती. मुलांनी डोळे मिटायचे, हात जोडायचे आणि घंटा होईपर्यंत गप्प उभं राहायचं. मुख्याध्यापक इंगवले सरांचा या मौनावर फार जीव. व्हरांड्याच्या पायरीवर दोन्ही हात पाठीमागे घेऊन ते उभे राहायचे. जुने पैलवान. मान जाडजूड, कान कुस्तीत चुरगळलेले आणि अंगात कडक इस्त्रीचा पांढरा शर्ट. ते नुसते येऊन उभे राहिले तरी मैदान शांत व्हायचं.

दिवाळीच्या सुट्टीनंतरच्या एका सकाळी मी त्यांच्या शेजारी डोळे मिटून उभी होते. मौन सुरू झालं आणि मला आवाज ऐकू आला. खर्र, खर्र. आधी वाटलं, कौलांवर खारी पळतायत. मग तो आवाज डावीकडून आला, उजवीकडून आला, अगदी समोरूनही आला. मी डोळे उघडले. जोडलेले हात सगळीकडे सुटले होते. कुणी कोपर खाजवत होतं, कुणी पोट, कुणी एका पायाच्या अंगठ्यानं दुसऱ्या पायाची पोटरी. एक मुलगा तर पुढच्याच्या पाठीवर आपलं मनगट घासत होता, आणि पुढच्यालाही त्यानं बरं वाटत असावं, कारण तो मुळीच हलत नव्हता.

घंटा झाली. सर म्हणाले, "मौन म्हणजे नुसतं तोंड बंद नव्हे. हातही बंद. पुन्हा एकदा."

पुन्हा मौन झालं. पुन्हा खर्र, खर्र.

ही तीसेक वर्षांपूर्वीची गोष्ट. आमची शाळा आजऱ्याच्या पुढे, घाटाच्या तोंडाशी भोमवाडीत. आसपासच्या वाड्यांवरून रोज चालत येणं मुलांना शक्य नव्हतं, म्हणून शाळेला लागूनच वसतिगृह. मी गडहिंग्लजची, कुंदा रेडेकर. नोकरीचं दुसरं वर्ष होतं. विज्ञान शिकवायचे आणि मुलींच्या वसतिगृहाची रेक्टर म्हणून त्यांच्याच खोलीशेजारी राहायचे.

प्रार्थनेनंतर मी मुलींना थांबवून घेतलं आणि बोटं पसरायला सांगितली. बेचक्यांत बारीक पुळ्या होत्या. मनगटावर, काखेत, बेंबीभोवती नखांचे ओरखडे. पुस्तकात वाचलेलं होतंच, तरी ओळखायला पुस्तक लागत नव्हतं.

"खरूज," मी म्हणाले.

हा शब्द ऐकून दुरपदामावशी स्वयंपाकघरातून हात पुसत बाहेर आल्या. मावशी वसतिगृहाचा स्वयंपाक करायच्या आणि मुलींच्या खोलीतच झोपायच्या. थंडीत पाचवीतल्या बारक्या पोरी त्यांच्या दोन्ही कुशींना चिकटलेल्या असत. रोज सकाळी सगळ्यांच्या वेण्या त्याच घालायच्या, आणि वेणी घालताना जिच्या तिच्या घरची चौकशी. आईला जेवढं सांगणार नाहीत तेवढं पोरी मावशींना सांगायच्या.

"आमच्या हितं कधी नव्हती ही भानगड," मावशी म्हणाल्या. "औंदाच आली. औंदा नवीन कोण आलंय ते बघा की."

नवीन आली होती ठकू झोरे. डोंगरावरच्या धनगरवाड्यावरून आमच्या वसतिगृहात आलेली पहिलीच मुलगी. सातवीत होती, पण उंची दहावीच्या पोरींएवढी. दोन बोटं तोंडात घालून अशी शीळ मारायची की वाटेवरची गुरं थांबायची. रानात गवा समोर आला तर काय करायचं हे ती गवा होऊनच दाखवायची. आल्यापासून तिच्याभोवती पोरींचा घोळका असे. आता मावशींचं बोलणं झालं आणि त्या सकाळी तो घोळका नुसता एक-एक पाऊल मागे सरकला.

दोन दिवसांनी एका मुलीचे वडील येऊन सरांच्या खोलीत बरंच बोलून गेले. नंतर सरांनी मला बोलावलं.

"चार दिवस त्या झोरेच्या पोरीला कोठीत झोपवा," ते म्हणाले.

"सर, खरूज तिला एकटीला नाही. निम्म्या वसतिगृहाला आहे."

"ठाऊक आहे मला. पण पालक पोरी काढून न्यायला लागले तर? मुश्किलीनं पाठवायला लागलेत लोक. चार दिवसांचा तर प्रश्न आहे, बाई."

मी वाद घातला. उपयोग झाला नाही. संध्याकाळी ठकूनं आपली वळकटी उचलली आणि तांदळाची पोती ठेवायच्या कोठीत गेली. मी कंदील घेऊन मागोमाग गेले. आमच्या भागातला घनसाळ तांदूळ तिथं ठेवलेला असायचा, सगळी खोली त्याच्या वासानं भरलेली.

"बरं हाय की हितं," ती अंथरूण घालत म्हणाली. "कोण लाथा मारत न्हाई. सकाळी उठले की अंगाला भाताचा वास येईल नुसता."

ती हसली, म्हणून मीही हसले. पण दुसऱ्या दिवशी सकाळी ती विहिरीच्या कट्ट्यावर बसून स्वतःच्या केसांत कंगवा ओढत होती. मावशींच्या समोरच्या ओळीत ती बसली नव्हती आणि मावशींनीही तिला हाक मारली नव्हती.

चार दिवसांचे आठ झाले.

आरोग्य केंद्राच्या डॉक्टर नसीम मुल्ला लूनावरून आल्या तेव्हा मला हायसं वाटलं. किरकोळ बांध्याच्या, मोठ्या आवाजाच्या बाई. पाच-दहा मुलांचे हात पाहिले आणि म्हणाल्या, "औषध देते. फुकट आहे, पण अट आहे. एकाच दिवशी सगळ्यांनी लावायचं. खाजत असो वा नसो. मुलं, मास्तर, स्वयंपाकवाल्या, शिपाई, सगळे. आंघोळ करून मानेपासून तळपायापर्यंत. दुसऱ्या दिवशी धुवायचं, आठवड्यानं परत लावायचं. कपडे आणि अंथरुणं उकळत्या पाण्यात. एक माणूस सुटला तर माझी मेहनत पाण्यात."

मी हे शिक्षकांच्या खोलीत सांगितलं, तर हशा झाला. मास्तरांना कुठली खरूज, असं सगळ्यांचं म्हणणं. सर हसले नाहीत. ते गंभीरपणे म्हणाले, "मुलांना जरूर लावा. माझं म्हणाल तर माझं अंग रोज संध्याकाळी आखाड्यात लोळतं. त्या मातीत हळद आहे, ताक आहे, लिंबू आहे, तेल आहे. इतकी वर्षं पोरांना खेळवतोय, एकाला साधा नायटा झालेला दाखवा."

सरांचा आखाडा मुलांच्या वसतिगृहामागे होता. शाळा सुटली की पांढरा शर्ट खुंटीला जायचा आणि सर लंगोट लावून, आधीच अंगभर माती चोळून खेळायला उतरायचे. नववीतल्या पांडबा चौगुलेपासून पाचवीतल्या चिल्ल्यापिल्ल्यांपर्यंत सगळ्यांना ते स्वतः खेळवायचे. बारकी पोरं त्यांच्या अंगावर मुंग्यांसारखी चढायची आणि सर मुद्दाम चीत व्हायचे.

मावशींचंही तेच. "त्या औषधाच्या वासानं मला मळमळतंय. माझ्या हाताचा वास भाकरीला लागंल, मग कोण खाईल?"

तर औषध मुलांनी लावलं आणि मी लावलं. ते पांढरं, पातळ आणि भलतंच झोंबरं होतं. खाजवून सोललेल्या कातडीवर ते पडलं की मुलं अंगणात नाचायची. कपडे आम्ही जमतील तसे गरम पाण्यातून काढले. आठवड्यानं पुन्हा लावलं. मग मौनात खरोखरच शांतता झाली आणि सरांनी मला बोलावून शाबासकी दिली. ठकूची वळकटी मात्र कोठीतून हलली नाही. आता कुठं सगळं बरं झालंय, राहू द्या अजून थोडे दिवस, असं मावशी म्हणाल्या.

डिसेंबरच्या थंडीत एका सकाळी मौन सुरू होतं आणि पाचवीच्या रांगेतून आवाज आला. खर्र. मग सहावीतून.

डॉक्टर परत आल्या तेव्हा चिडल्या होत्या. या वेळी त्यांनी एकेक मूल तपासलं. मुलींची रांग संपली, तेव्हा खांबाशी एकटी उभी असलेली ठकू त्यांना दिसली.

"ही का लांब? ये इकडं." त्यांनी तिची बोटं पसरून पाहिली, मनगट पाहिलं, आत नेऊन पाठ-पोट पाहिलं. मग मला हाक मारली. "बाई, हिच्या अंगावर एक पुळी नाही. सगळ्या वसतिगृहात ही एकटी स्वच्छ आहे. काय ग, झोपतेस कुठं?"

"कोठीत."

"कुणाबरोबर?"

"तांदळाबरोबर," ठकू म्हणाली.

डॉक्टर हसल्या. "वेणी कोण घालतं?"

"माझी मीच."

"खेळायला कोण असतं?"

ठकूनं खांदे उडवले. "मला घेत न्हाईत."

डॉक्टरांचं हसणं थांबलं. तिला जा म्हणून सांगून त्या मला विहिरीकडे घेऊन गेल्या. "पहिल्यांदा औषध लावलं तेव्हा सगळी मुलं बरी झाली, हीसुद्धा. त्यानंतर जिला कुणी हात लावला नाही ती बरीच राहिली. बाकीच्यांना परत झाली. मग मला सांगा, औषध न लावलेली आणि मुलांना रोज जवळ घेणारी माणसं शाळेत कोण आहेत?"

मला उत्तर लगेच सुचलं. डॉक्टरांनी माझा चेहरा पाहिला.

"त्यात वाईट वाटण्यासारखं काय आहे?" त्या म्हणाल्या. "नुसतं रागावणाऱ्या मास्तराकडून खरूज येत नाही, बाई. कुशीत घेणाऱ्याकडून येते."

मी आधी स्वयंपाकघरात गेले. मावशी भाकऱ्यांचं पीठ मळत होत्या.

"मावशी, हात बघू."

"पीठ लागलंय."

"धुऊन दाखवा."

त्यांनी हात धुतले, पदराला पुसले, पुन्हा धुतले. मग माझ्यापुढं धरले. बेचक्या लालभडक होत्या.

"कधीपासून?"

"दिवाळीपासनं. मला वाटलं, राखेनं भांडी घासून झालं असंल." त्या खाली बसल्या. "म्हंजे पोरींना मी दिली व्हय?"

"पोरींनी तुम्हाला दिली, तुम्ही त्यांना परत दिली. तुमच्या कुशीत झोपतात ना त्या."

मावशींनी दोन्ही हात पदरात गुंडाळले. मग म्हणाल्या, "आन् त्या झोऱ्याच्या पोरीला मी वेणीला सुदीक बसू दिलं न्हाई."

सरांच्या खोलीत जायला मला जास्त धीर लागला. मी डॉक्टरांचं सगळं म्हणणं सांगितलं. सर खिडकीशी उभे होते, हात नेहमीसारखे पाठीमागे.

"सर, एकदा हात बघू द्याल का?"

"बाई, मी मुख्याध्यापक आहे या शाळेचा."

"म्हणूनच म्हणते."

ते वळले नाहीत. आवाज खाली आणून बोलले. "पुढच्या पंधरवड्यात जत्रेतल्या कुस्त्यांचं मैदान आहे. पांडबा यंदा चांगली कुस्ती करणार. आमच्या आखाड्यात खरूज आहे असं बाहेर कळलं, तर माझ्या पोरांशी मैदानात कुणी हात मिळवणार नाही. तुम्हाला कळतंय का त्याचा अर्थ?"

"कळतंय, सर. ठकूशी सध्या कुणी हात मिळवत नाही."

सर खिडकीबाहेर बघतच म्हणाले, "या तुम्ही."

मी बाहेर आले. रात्री राजीनाम्याचे विचार येऊन गेले. पण गडहिंग्लजला जाऊन वडिलांना सांगणार काय, खरजेवरून नोकरी सोडली म्हणून?

पुढं काय झालं असतं कोण जाणे. पण बाजाराच्या दिवशी दुपारी ठकूचे वडील आले. बाबू झोरे. खांद्यावर घोंगडं, हातात काठी, उन्हानं रापलेला उंच माणूस. व्हरांड्याच्या पायरीखाली उभे राहिले, वर यायला तयार होईनात. ठकूनं त्यांना लांबूनच पाहिलं होतं बहुतेक, कारण मी बाहेर येईपर्यंत ती वळकटी बांधून त्यांच्या शेजारी उभी होती.

सर खोलीतून बाहेर आले.

"पोरगी न्यायाला आलोय, सर," बाबू झोरे म्हणाले. आवाजात राग नव्हता, आणि मला तेच ऐकवेना.

"का?"

"बाजारात मानसं बोलत्यात. झोऱ्याच्या पोरीनं शाळेला खरूज लावली म्हनं. घरला हुती तवा तिला काय बी नव्हतं, सर. पण असूंद्या. तुमच्या शाळेला तरास नको."

"सातवी तरी होऊ द्या की."

"कोठीत झोपून?"

सरांनी ठकूकडे पाहिलं. "तुला जायचंय का ग?"

ठकू वळकटीच्या दोरीशी खेळत होती. "डाक्टरबाई म्हणाल्या, माझ्या अंगावर काय न्हाई," ती म्हणाली. "पण ते मलाच म्हाईत आन् बाईंना. बाकीच्यांना कसं कळायचं? त्या लांबच बसणार."

दुपारची सुट्टी होती. मुलं ताटं विसळायला हौदाकडं चालली होती, ती हळूहळू थांबायला लागली. सरांच्या ते लक्षात आलं असावं. त्यांनी एकदा मैदानाकडं पाहिलं, एकदा माझ्याकडं. मग पाठीमागचे हात पुढं आणले, उजव्या बाहीचं बटण काढलं आणि बाही कोपराच्या वर गुंडाळली. मग डावी. दोन पायऱ्या उतरून ते बाबू झोऱ्यांच्या समोर उभे राहिले आणि हात त्यांच्यापुढं धरले.

बोटांच्या बेचक्यांपासून कोपरापर्यंत नुसते फोड आणि ओरखडे होते. काही ठिकाणी रक्त साकळलेलं.

"दसऱ्याला पोरांना घेऊन बाहेरगावच्या मैदानाला गेलो होतो," सर म्हणाले. "तिथनं आलो आणि खाज सुटली. त्या वेळी शाळेत कुणालाच नव्हती. तेव्हा तुमच्या पोरीनं नाही आणली, झोरे. मी आणली. आणि आणली ती आणली, वर औषधही लावलं नाही."

बाबू झोऱ्यांनी ते हात नीट निरखले.

"लई खाजतंय का?" त्यांनी शेवटी विचारलं.

"लई," सर म्हणाले. "बायकोनं अंथरूण वेगळं घातलंय."

बाबू झोऱ्यांच्या मिशा हलल्या. ठकूनं तोंडावर हात ठेवला. हौदाकडून कुणीतरी फिस्सकन हसलं आणि लगेच गप्प झालं.

"रविवारी या," सर म्हणाले. "दोघं नवरा-बायको या. इथं काय होतंय ते डोळ्यांनी बघा आणि मग न्यायची तर पोर न्या. मी अडवणार नाही."

रविवारी सुट्टी असून प्रार्थनेची घंटा झाली. गावातलीही माणसं कुंपणाशी येऊन उभी होती, कारण शनिवारी आमच्या मुलांनी गुऱ्हाळातली गूळ शिजवायची भली मोठी काहील वाहून आणली होती आणि ती कशाला, याचा गावात कुणालाच पत्ता नव्हता. झोरे नवरा-बायको वडाखाली बसले होते.

सर पायरीवर आले आणि त्यांनी शर्ट काढला. पाठ, पोट, दंड, सगळीकडं तेच.

"ही खरूज आहे," सर म्हणाले. "माझी. ती माझ्याकडून आखाड्यातल्या पोरांना गेली, पोरांकडून त्यांच्या बहिणींना आणि पुढं सगळ्यांना. मला लाज वाटली म्हणून मी झाकली. ठकू झोरेबद्दल ज्याला बोलायचं आहे त्यानं आधी माझ्याबद्दल बोलावं. आखाडा आजपासून बंद. माती खणून उन्हात पसरायची. जत्रेच्या मैदानाला आपण जाणार नाही, तसं मी सगळ्या वस्तादांना कळवलंय, कारणासकट. पांडबा, तुझं नुकसान होतंय. पुढच्या वर्षी भरून काढू."

पांडबानं मान डोलावली. त्याचे डोळे भरले होते, पण दोन्ही हात काखेत होते आणि तो खाजवतच होता.

मग डॉक्टर मुल्लांनी बाटलीचं बूच काढलं आणि पहिलं औषध सरांच्या पाठीवर ओतलं. सरांनी दात आवळले, मूठ वळली आणि तोंडातून आवाज काढला नाही. मात्र औषध पोटऱ्यांवर पोचलं तेव्हा त्यांनी आहे त्या जागी अशी काही उडी मारली की पाचवीची रांग खदखदून हसली. सरही हसले. त्यानंतर कुणाला काही समजवावं लागलं नाही. पाठोपाठ सगळे मास्तर रांगेला लागले. आधी हसलेले तर जरा जास्तच घाईनं. एकेकाच्या बाहीखालून काय काय निघालं ते बघून डॉक्टरांनी कपाळाला हात लावला.

मुलींचं काम आत खोलीत माझ्याकडं आणि मावशींकडं होतं. ठकूही रांगेत येऊन उभी राहिली.

"तुला लावलं नाही तरी चालेल," मी म्हणाले. "डॉक्टरांना विचारते मी."

"नको. सगळ्यांना म्हटलं तर सगळ्यांना."

मावशींनी तिच्याकडं न बघता हात पुढं केला. "ये. पाठीला मी लावते."

ठकू जागची हलली नाही. "तुमच्या पाठीला कुणी लावलं?"

"कुणी न्हाई. माझा हात पोचत न्हाई."

"वळा मग."

मावशी वळल्या. एवढी मोठी बाई, चोळीची गाठ सोडून भिंतीकडं तोंड करून बसली. ठकूनं ओंजळीत औषध घेतलं आणि त्यांच्या पाठीवर, मानेखाली, खांद्यांवर सावकाश चोळलं. मावशींचे खांदे हलत होते. औषध झोंबत असणार. ठकूनं वाकून त्यांच्या पाठीवर फुंकर घातली आणि म्हणाली, "झालं, मावशी. आता माझ्या लावा."

त्यानंतर दिवसभर जो गोंधळ झाला तो मी जन्मात विसरणार नाही. काहील मैदानात चुलाणावर चढली. चादरी, वाकळा, शर्ट, परकर, सरांचे इस्त्रीचे शर्ट, सगळं त्यात रटारटा शिजत होतं आणि मास्तर मंडळी लाकडी दांडक्यांनी ते ढवळत होती. सगळेच कपडे उकळायला गेल्यामुळं गावातून धुतलेल्या जुन्या कपड्यांची गाठोडी आली होती. ज्याच्या हाताला जे लागलं ते त्यानं गुंडाळलं. दहावीची मुलं धोतरात वावरत होती, इंग्रजीच्या सरांना कुणाची तरी फुलाफुलांची चादर मिळाली होती आणि इंगवले सर आपल्या बायकोच्या जुन्या नऊवारीची लुंगी लावून हुकूम सोडत होते. हात धुतले की हातांना औषध पुन्हा लावायचं, म्हणून डॉक्टर बाटली घेऊन प्रत्येकाच्या मागं फिरत होत्या. दुपारी कुंपणावर वाळत घातलेली एक चादर शिंगांत अडकवून गावातली म्हैस निघून गेली. निम्मी शाळा तिच्यामागं पळाली, पण म्हैस काही थांबेना. शेवटी ठकूनं दोन बोटं तोंडात घातली. शीळ ऐकून म्हैस थांबली, आणि पळत गेलेले सगळेही थांबले.

भाकऱ्या त्या दिवशी सरांच्या बायकोनं आणि ठकूच्या आईनं भाजल्या. बाबू झोरे जेवायला आमच्याच पंगतीला बसले. जाताना त्यांनी डॉक्टरांपुढं स्वतःचे हात धरले.

"तुम्हाला काही नाही," डॉक्टर म्हणाल्या.

"लावा तरी थोडं," ते म्हणाले. "घरला जाऊन सांगायला बरं."

जाताना पोरीला चल म्हणाले नाहीत. ठकूची वळकटी त्या वेळी कुंपणावर इतर सगळ्यांच्या अंथरुणांत वाळत होती आणि कुठली कुणाची हे संध्याकाळी कुणालाच ओळखता येईना. मुलींच्या खोलीत पोरींनी ती हाताला येतील तशी घातली. कोठीला मी कुलूप लावलं.

आठवड्यानं पुन्हा औषध लावलं. सर त्याही वेळी रांगेत पहिले होते. पुढच्या महिन्यात डॉक्टर येऊन सगळ्यांना तपासून गेल्या आणि एकाही बेचकीत त्यांना काही सापडलं नाही. जत्रेचं मैदान आमच्या मुलांविना पार पडलं. त्याचं सरांना वाईट वाटत होतं, हे आम्हाला दिसायचं. आखाडा उन्हाळा संपताना नव्या मातीनं भरला.

जूनमध्ये शाळा उघडली त्या दिवशी बाबू झोरे पुन्हा आले. या वेळी पायऱ्या चढून थेट वर. ठकू पुढं होती आणि मागं, बापाचं घोंगडं घट्ट धरून, ठकूसारख्याच नाकाची एक लहान मुलगी. हिची बहीण, सगुणा, असं त्यांनी सांगितलं. पाचवीत घालायची होती. वाड्यावरच्या आणखी दोघी पुढच्या आठवड्यात येणार होत्या.

सरांनी सगुणाला नाव विचारलं, तर ती घोंगड्याच्या आड गेली. ठकूनं तिचा हात धरला आणि मुलींच्या खोलीकडं निघाली. तिची पेटी घेऊन मी मागं होते.

"हितं मारत्यात?" सगुणानं दबक्या आवाजात विचारलं.

"न्हाई."

"मग काय करत्यात?"

ठकूनं जरा विचार केला. "काय झालंच तर औषध लावत्यात. एकाला झालं तरी सगळ्यांना."

सगुणा थांबली. मागं वळून तिनं व्हरांड्यात उभ्या असलेल्या त्या जाडजूड मानेच्या माणसाकडं पाहिलं.

"सरांना बी?"

"सरांना आधी," ठकू म्हणाली आणि तिला आत घेऊन गेली.